सरळ रस्त्यावर मी पाय उचलायचो

भावोजी, ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. मी तुमच्यापेक्षा वेगात गाडी चालवतो. थोडाफार नाही, चांगलाच. आपण दोघं जिथे जिथे घड्याळ लावून गाडी चालवायला गेलो, तिथे तिथे तुम्ही जिंकलात, कारण मी पाय उचलला. सरळ रस्ता संपत आला की ब्रेक लावायची वेळ यायच्या आधीच मी ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद वर घ्यायचो. गाडी जरा रेंगाळायची. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. मग फलकावर तुमचं नाव वर यायचं, माझं खाली, आणि तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणायचात, "मेव्हण्या, गाडी चालवायला छाती लागते, छाती!"

त्या धपाट्यांचा मला अजून राग आहे. तुम्हाला जाऊन महिना होत आला, तरी तो गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माझ्याकडे आत्ता तरी चांगलं फारसं नाही.

तुमची शोकसभा दुकानाच्या गल्लीतच झाली. लालबागच्या मसालेवाल्यांनी अर्धा दिवस दुकानं बंद ठेवली, मिरची कुटणारी डंखयंत्रं थांबवली, आणि एकेक जण उठून तुमच्याविषयी बोलला. दिलदार माणूस. राजा माणूस. गल्लीचा आधार. तुम्ही ज्यांना वर्षानुवर्षं चारचौघांत टोमणे मारलेत, तेसुद्धा डोळे पुसत होते. मग कोणीतरी माईक माझ्या हातात दिला. "शेठचे मेव्हणे दोन शब्द बोलतील."

मी माईकवर बोलणारा माणूस नाही. विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासायच्या, काय मोडलंय ते लिहून द्यायचं, एवढंच मला येतं. पण त्या दिवशी तोंडातून काय निघालं, ऐका: "भावोजी या वयात रेसच्या ट्रॅकवर गाडी चालवायचे. मी त्यांच्याहून लहान, पण मला एकदाही त्यांना गाठता आलं नाही."

लोक रडता रडता हसले. पहिल्या रांगेत ताई बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. तिच्या शेजारी तुमची सायली. ती एकटक माझ्याकडे बघत होती.

तुम्ही गेल्यावरसुद्धा मी पाय उचलला, भावोजी. आणि त्याचा परिणाम हा, की दोन दिवसांनी सायलीचा फोन आला. "मामा, पुढच्या महिन्यात ट्रॅक-डे आहे. मी नाव दिलंय. बाबांची गाडी घेऊन जाणार. तू सभेत बोललास ना, तेव्हाच ठरवलं."

ती गाडी. दोन दारांची, काळी, सहा सिलिंडरची. जिनं तुम्हाला एका वळणावर भोवऱ्यासारखं फिरवलं, आणि जिच्याबद्दल तुम्ही घरी येऊन थापा मारल्यात. सायलीनं आजवर वरळीच्या ऑफिसला जाण्यापलीकडे गाडी चालवलेली नाही. ती त्या गाडीत बसणार आहे, आणि वेळ गाठायची म्हणते ती तुमची.

हे सगळं सुरू कुठून झालं ते मला नेमकं आठवतं. गिरगावात आमच्या चाळीत, तुमच्या दिवाळसणाला. लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावई सासुरवाडीला. आईनं दोन दिवस आधीपासून घर घासूनपुसून ठेवलं होतं. तुम्ही करी रोडचे, तुमचे वडील मिलमध्ये साच्यावर कापड विणणारे. आमचे अण्णा कारकून. आईला आतून धास्ती होती की, जावयाला आमच्याकडे काही कमी वाटेल. जेवणं झाल्यावर गॅलरीत कॅरम मांडला. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि चाळीत माझ्याशी कॅरम खेळायला कोणी बसायचं नाही. पहिल्याच डावात मी राणी घेतली, वर एक सोंगटी टाकून ती पक्की केली. तुमचा चेहरा उतरला. आईनं दारातून ते पाहिलं आणि मला पाणी आणायच्या निमित्तानं आत बोलावलं.

"जावईबापू आहेत ते. त्यांना हरवतात का?"

"अगं, खेळ आहे."

"तुझ्यासाठी खेळ आहे. तुझी बहीण त्यांच्या घरात राहते."

मी बाहेर आलो आणि पुढचे तिन्ही डाव हरलो. तुम्ही राणी खिशात टाकून दाखवलीत, सगळी गॅलरी हसली, ताई हसली. आई समाधानानं लाडवांचं ताट घेऊन आली. तेव्हापासून मी तुमच्याशी काहीच जिंकलेलो नाही. पत्ते, कॅरम, क्रिकेटच्या पैजा, वाद, काहीच. आई गेली, पण ती सवय माझ्यात ठेवून गेली.

तुम्हाला वाटेल, हा सगळा मान होता. वाटून घ्या. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. आता खरं सांगतो. काही वर्षांनी मला त्यात मजा यायला लागली. तुम्ही छाती फुगवून उभे असायचात आणि मी गप्प बसून मनात म्हणायचो, बोला, बोला, तुमची ही जीत माझ्या पायाखाली आहे. त्याला मान म्हणत नाहीत. तो तुमचा तिरस्कार होता, आणि तो मला शर्टाच्या आत बाळगता येत होता. तुम्ही मला भित्रा समजायचात, मी तुम्हाला मूर्ख. सणावारी आपण शेजारी बसून जेवायचो.

गाड्यांचा नाद सायलीनं लावला. तुमच्या पन्नाशीला ती आपल्याला परळला घेऊन गेली, जुन्या मिलच्या जागी झालेल्या मॉलच्या गच्चीवर. तिथे छोट्या कार्ट पळवायची सोय होती. तुमचे वडील त्याच मिलमध्ये होते. तुम्ही हेल्मेट घालून गच्चीच्या मधोमध उभे राहिलात आणि ओरडलात, "बापानं इथे साचे चालवले, मी गाडी चालवतो!" त्या क्षणी मला तुम्ही आवडला होतात. खोटं कशाला बोलू. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला तुम्ही लगेच काच खाली ओढलीत.

मग आपण कार्ट चालवल्या आणि मी पाय उचलला.

पुढच्या काही वर्षांत ते वेड वाढलं. तुम्हाला कोणीतरी ट्रॅक-डेचं सांगितलं. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, बंद ट्रॅकवर आपली गाडी हवी तितकी पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही, सिग्नल नाही, पोलीस नाही. आपण कोईमतूरकडे गेलो. तिथल्या माणसांनी भाड्यानं एक छोटी गाडी दिली, दोघांनी आळीपाळीनं चालवली. शिकवणारा म्हणाला, "सर, नवीन माणसानं वर्षभर छोटीच गाडी चालवावी." संध्याकाळी फेऱ्यांच्या वेळा फलकावर लागल्या. तुम्ही माझ्या दोन सेकंद पुढे. परतीच्या विमानात तुम्ही ते दोन सेकंद हवाईसुंदरीलासुद्धा सांगितलेत.

आणि मग गाडी निवडायचा तमाशा सुरू झाला.

करी रोडला तुमची चाळ पाडून टॉवर झाला, त्यातल्या तुमच्या घरी दर रविवारी वडे-सागोती आणि गाड्यांचे फोटो. परवडणारी हवी, हे तुमचंच म्हणणं. परवडणारी म्हणजे जुनी, हेही ठरलं. माझं मत पहिल्या दिवसापासून एकच होतं. एक छोटी, हलकी हॅचबॅक, हातानं गिअर टाकायची. जिचे टायर आणि ब्रेक कुठल्याही गॅरेजात मिळतात. सरळ रस्त्यावर कुठलीही गाडी पळते, भावोजी. गाडी कशी आहे ते वळणाआधी कळतं, ब्रेक दाबल्यावर. जड गाडी चार फेऱ्यांत ब्रेक तापवते, पेडल लोण्यासारखं मऊ होतं, आणि वळण तर समोर आलेलं असतं. हे मी तुम्हाला वडा तोडता तोडता किती वेळा सांगितलं!

तुम्ही मोबाइल माझ्या ताटावर धरायचात.

"ही बघ. दोन दारं. सहा सिलिंडर. मागची चाकं ओढतात गाडीला."

"ढकलतात, भावोजी. मागची चाकं ढकलतात."

"तेच ते!"

ताई म्हणाली, "दोन दारं? मग मागे कोण बसणार?"

"तुझी पर्स बसेल."

"आधी तुमचं पोट पुढे बसतंय का ते बघा."

सायली हसून हसून खाली वाकली होती. माझ्या हॅचबॅकचं नाव तिनं 'बटाटा' ठेवलं. तुमच्या काळ्या गाडीला ताई 'नवरदेव' म्हणायला लागली. म्हणे, मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या राहिल्यात. मग दर रविवारी तोच खटला, बटाटा की नवरदेव. मी म्हणायचो, ती गाडी विकत घेणं परवडेल, चालवणं परवडणार नाही. ट्रॅकवर काही झालं तर विमा एक पैसा देत नाही, हे मी रोज लोकांना लिहून देतो. भिंतीला लागली तरी रडू येणार नाही अशीच गाडी ट्रॅकसाठी घ्यावी.

"तुझा धंदाच मोडक्या गाड्या बघायचा," तुम्ही म्हणालात. "तुला शोरूममधली गाडीसुद्धा मोडलेली दिसते. च्यायला, लग्नाच्या मांडवात बसून हा नवरीचं वजन विचारणार!"

सगळे हसले. मीही हसलो. ते वाक्य माझ्या अजून लक्षात आहे, कारण ते चांगलं होतं. तुम्ही चांगलं बोलायचात. वाईट माणसाचा राग करणं सोपं असतं, तुम्ही तेवढीसुद्धा सोय ठेवली नाहीत.

आणि मग तो रविवार. व्यवहार दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. तुम्ही हात धुऊन आलात, नॅपकिन खांद्यावर टाकलात, आणि पहिल्यांदाच आवाज न चढवता विचारलंत, "मेव्हण्या, खरं सांग. आपण दोघांनी एकच गाडी चालवली. मी तुझ्या दोन सेकंद पुढे. तुझी एवढी वर्षं गाड्यांत गेली, तरी मी पुढे. मग मला छोटी गाडी कशाला? मोठी झेपेल की नाही मला?"

ताई ताटं उचलता उचलता थांबली. सायली माझ्याकडे बघायला लागली. मी फक्त एवढं म्हणायला हवं होतं की, भावोजी, ते दोन सेकंद माझे आहेत. मी तुम्हाला दिलेत.

मी म्हणालो, "तुमची मर्जी, भावोजी."

तुम्ही टेबलावर हात आपटलात. "ठरलं!"

गाडी आली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूचा हार, ताईनं ओवाळलं. टॉवरच्या रॅम्पवर ती पोटानं घासली, मग तुम्ही दुकानातून फळ्या मागवल्यात आणि रोज त्या फळ्यांवरून ती राजासारखी बाहेर पडायची. जुन्या चाळीतली माणसं फोटो काढायला यायची. एकदा टेम्पो आला नाही म्हणून तुम्ही तिच्यातून मिरच्यांची पोती शीव कोळीवाड्याला पोचवलीत. नंतर कित्येक दिवस आत बसलं की शिंका यायच्या. हे सगळं मी आनंदानं बघितलं असतं, जर मला पुढचं वळण दिसत नसतं. मला दिसत होतं. दिसायचाच मला पगार मिळतो.

ते वळण कोईमतूरलाच आलं. गाडी ट्रकवर चढवून पाठवली होती. सकाळी तुम्ही चांगले चालवत होतात. जेवणाआधीच्या सत्रात, पाचव्या-सहाव्या फेरीला, मी कठड्याशी उभा होतो. डावीकडच्या लांब वळणात तुम्ही जरा जास्तच वेगात शिरलात. तुम्हाला ते कळलं, तुम्ही घाबरलात, आणि घाबरून वळणाच्या मधोमध पाय पूर्ण उचललात. मागच्या चाकांवर पळणाऱ्या जड गाडीत वळणात पाय उचलला की मागची बाजू सुटते. तशी सुटली. गाडी दोनदा गरगरली आणि मातीत जाऊन उलट्या तोंडानं थांबली. भिंत दोन हातांवर होती.

मी धावत आलो. पिवळा झेंडा हलत होता, माणसं ओरडत होती. तुम्ही काचेच्या आत बसला होतात, दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर. हेल्मेटमधून तुमचे डोळे मला दिसले. इतक्या वर्षांत मी तुम्हाला घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"लागलं का?"

"नाही." मग हेल्मेट काढत, "घरी सांगायचं नाही हां. तुझ्या ताईला नाही, सायलीला तर अजिबात नाही."

"नाही सांगत."

मी नाही सांगितलं. तुम्ही मात्र सांगितलंत. करी रोडला जेवणाच्या टेबलावर, हातवारे करून. ब्रेकनं दगा दिला, पण मी असली आवरली गाडी, सगळा ट्रॅक बघत राहिला! आणि पुढे, माझ्याकडे बोट करून: "हा? हा तर चालवायलाच तयार नव्हता. फाटली होती याची." ताई मला म्हणाली, "तू नकोच चालवूस बाबा, तुला नाही जमायचं." सायलीनं माझ्या ताटात एक वडा जास्त वाढला. दया म्हणून. त्या वड्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

कारण मी चालवली होती, भावोजी. त्याच दुपारी. तुम्ही सावलीत बसून बाटलीभर पाणी प्यायलात, आणि मग म्हणालात, "तू चालव. मी बाजूला बसतो." पहिली फेरी मी हळू घेतली. दुसरीला मी विसरलो. कोण शेजारी बसलंय, कोणाचा मान राखायचाय, सगळं विसरलो. सरळ रस्त्यातच ब्रेक लावून घेतले, वळणात पाय हलू दिला नाही, आणि ती जड गाडी माझ्या हाताखाली एखाद्या शहाण्या जनावरासारखी वळली. तुम्ही फिरलात ते वळण मी तुमच्याहून वेगात घेतलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत चांगली अर्धी फेरी होती. मग सरळ रस्ता लागला, आणि माझं सहज तुमच्याकडे लक्ष गेलं.

तुम्ही रस्त्याकडे बघत नव्हतात. तुम्ही माझ्या पायाकडे बघत होतात.

मी पाय उचलला.

इंजिनचा आवाज खाली आला. आत बसलेल्या माणसाला तो ऐकू आल्याशिवाय राहत नाही. तुम्ही मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागलात. थोड्या वेळानं म्हणालात, "गाडी जड आहे रे."

"हो," मी म्हणालो.

त्यावर आपण पुन्हा कधीच बोललो नाही. आता बोलायचं म्हटलं तर मला एकट्यालाच बोलावं लागतंय, आणि तुम्ही नेहमीसारखे शेवटचा शब्द घेऊन निघून गेलात. दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या, गिऱ्हाइकाला थट्टेनं काहीतरी म्हणत. छातीत कळ आणि संपलं. गिऱ्हाईक आधी हसत होतं म्हणे, त्याला वाटलं तुम्ही नक्कल करताय.

तर माझा प्रश्न असा. तुम्हाला कळलं होतं का? त्या दुपारी कळलं, की पहिल्यापासून माहीत होतं, कॅरमपासून? माहीत असूनही तुम्ही धपाटे घातले असतील, माहीत असूनही पोरीसमोर मला भित्रा ठरवलं असेल, आणि ती गाडी विकायची सोडून रॅम्पवरून मिरवली असेल, तर तुमच्यासारखा कोडगा माणूस मी पाहिलेला नाही. आणि माहीत नसेल, तर जी गाडी तुम्हाला मारू शकली असती, ती तुमच्या दारात आणून उभी करणारा मी. दोन्हीपैकी कुठलं खरं असावं असं मला वाटतं, ते सांगत नाही. मला स्वतःलाच धड कळत नाही.

आता तुम्ही केलेलं चांगलंही लिहितो, नाहीतर ताई म्हणेल, याला त्यातलं काहीच आठवलं नाही. आई शेवटी आजारी होती तेव्हा गिरगावच्या चाळीचा जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळेना. आम्ही सगळे वर-खाली करत नुसतं बोलत होतो. तुम्ही आलात, चपला काढल्यात, आईला चादरीत गुंडाळून पाठुंगळी घेतलंत आणि एकेक पायरी उतरलात. आई तुमच्या कानाशी म्हणत होती, "जावईबापू, अहो, हे काय, लाज वाटते मला." तुम्ही म्हणालात, "गप ऱ्हवा हो आई, पडलो तर दोघां पडू." मालवणीत. घाम गळत होता तुमचा. खाली आल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता नुसता माझा खांदा दाबलात. पुढे माझी बायको मला सोडून गेली तेव्हा वर्षभर रोज दुपारी दादरला माझ्या ऑफिसात तुमच्या दुकानातला माणूस डबा ठेवून जायचा. तुम्ही त्यावर एक अक्षर बोलला नाहीत, चेष्टासुद्धा केली नाहीत. तुमच्यासारख्या माणसाला चेष्टा न करणं किती जड गेलं असेल ते मला कळतं.

म्हणूनच राग जात नाही. नुसते वाईट असतात त्यांना विसरता येतं.

परवा मी करी रोडला गेलो होतो. पार्किंगमध्ये सायलीनं गाडीवरचं कव्हर काढलं होतं आणि ती टायरमधली हवा बघत होती, तुम्ही शिकवलंत तशी. ताई कट्ट्यावर बसली होती. मी मनाशी सगळं जुळवून गेलो होतो.

"सायली, ही गाडी नको. मी तुला छोटी शोधून देतो. दोन आठवड्यांत. चांगली देतो."

"बटाटा?" ती हसली. मग हसू गेलं. "मामा, मला बाबांचीच चालवायची आहे."

"जड आहे ती. ब्रेक तापतात. वळणात पाय उचललास तर..."

"बाबांना जमली ना? ब्रेक गेले तरी त्यांनी आवरली ना?" ती उठून उभी राहिली. "मामा, रागावू नकोस. पण तुला भीती वाटते. बाबा म्हणायचेच. तू स्वतः सभेत बोललास की तुला ते कधी गाठता आले नाहीत. मग गाडीबद्दल मी तुझं ऐकू की बाबांचं?"

तिचं काय चुकलं? तिनं मी दिलेल्याच माहितीवर हिशेब मांडला. हळू चालवणाऱ्या भित्र्या माणसाच्या सांगण्यावरून कोणी गाडी निवडत नाही. मीही निवडली नसती.

"जाऊ दे रे तिला," ताई म्हणाली. "बापाची गाडी आहे. तेवढंच तिला बरं वाटेल. तिच्या बाबांचं असं एवढं एकच तर उरलंय, की ते फास्ट होते."

ताईच्या तोंडून 'फास्ट' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तिनं तो फार जपून उच्चारला, देवघरातली वस्तू उचलावी तसा. मी कव्हर उचलून तिला घडी घालायला मदत केली आणि घरी आलो.

मी पुन्हा गप्प बसलो, हे तुम्हाला सांगायला नको. मी गप्प बसतो. त्याला सगळे माझा स्वभाव म्हणतात. आई त्याला संस्कार म्हणायची. तुम्ही त्याला फाटणं म्हणायचात, आणि इतक्या लोकांत तुमचंच म्हणणं खरं निघालं, याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे.

तुम्ही असता तर हे काम मी तुमच्यावर ढकललं असतं. तुम्ही एक शिवी हासडून सायलीला गाडीबाहेर काढलं असतंत आणि तिनं ऐकलं असतं. आता तसं कोणी नाही. तिनं ऐकावं असं वाटत असेल तर तिला आधी कळायला हवं की मामाला गाडी चालवता येते. ते सांगायचं तर तिच्या बाबांचे दोन सेकंद काढून घ्यावे लागतील, तेही ताईसमोर. तुम्ही चिडाल. चिडा. तुमचा मान राखून झाला माझा. तुमची पोर त्या भिंतीपासून दोन हातांवर उभी राहावी इतका मोठा तुमचा मान नाही.

तिनं मला शिव्या दिल्या तरी चालतील. ताईनं माझ्याशी बोलणं सोडलं तर सोडेल. तुमच्या माघारी तिला राग काढायला कोणीतरी लागेलच. सायलीला नंतर शेजारी बसवून खरी फेरी दाखवावी लागली तर दाखवेन, कुठल्यातरी छोट्या गाडीत. ते पुढचं.

तुमचं देणं काय आहे ते मला अजून धड मांडता येत नाही. आईचा जिना एका बाजूला आणि धपाटे दुसऱ्या बाजूला ठेवून बेरीज जुळत नाही, आणि जुळवायची मला घाई नाही. सायलीचं देणं मात्र स्पष्ट आहे. मी पाय उचलायचो, त्या वळणावर ब्रेकनं दगा दिला नव्हता, तुम्ही घाबरला होतात, आणि ती गाडी तिच्यासाठी नाही. एवढं मी तिला सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.